सारंगखेड्यातलं गाड्यांचं दाणापाणी

सारंगखेड्याला लोक घोडे बघायला जातात. मी फ्यूज बघायला गेले होते. तेही यात्रेच्या आधी, मैदानात अजून एक पालही पडलेलं नसताना. परत आल्यावर शेजारणींना सांगण्यासारखं माझ्याकडे काय असणार, असं मलाच वाटत होतं. प्रत्यक्षात मी इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

मी विजेच्या कामातली बाई. घरांच्या छपरांवर सौर पॅनेल आले, रस्त्यावर विजेच्या गाड्या आल्या. दोन्ही चांगलं, पण गल्लीतल्या जुन्या तारांना दोन्हींची सवय नाही. पॅनेल भर दुपारी वीज देतात, तेव्हा ती कुणाला नको असते. गाड्या संध्याकाळी घरी येतात आणि सगळ्या एकदम चार्जिंगला लागतात, तेव्हा सूर्य निघून गेलेला असतो. या दोघांची गाठ घालून द्यायची, कुठल्या गाडीने कधी वीज घ्यायची ते ठरवून द्यायचं, हे माझं काम. लग्न जुळवण्यासारखंच आहे, फक्त यात पत्रिका बघत नाहीत.

बोलावणं वैशाली पाटीलचं होतं. नाशिकला आमच्याकडे एका प्रशिक्षणाला आली होती, तेव्हाची ओळख. कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून ती सारंगखेडा ते शहादा अशी विजेवरची रिक्षा चालवते. तिचं बघून गल्लीतल्या आणखी पाच जणींनी रिक्षा घेतल्या. सहा रिक्षा, सहा घरं, एकच गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी खांबांवर बसवलेली एकच डीपी. तिथून सगळ्या घरांना वीज जाते आणि तिथलाच फ्यूज उडतो.

"मॅडम, दिवेलागणीला गल्लीची लाईट जाते आणि नाव आमच्या रिक्षांचं होतं," वैशाली फोनवर म्हणाली. "सरपंचबाई म्हणतात, हे थांबलं नाही तर रिक्षा शहाद्यालाच लावा. म्हणजे सकाळी एसटीने जाऊन रिक्षा आणा, संध्याकाळी सोडून एसटीने परत या. घरात लहान पोरं असलेल्या बाईला जमणारे का? तिघींच्या घरी तर आत्ताच विकायच्या गोष्टी चालल्यात. आणि यात्रेतच आमचं वर्ष निघतं हो."

मी बॅग भरली.

दोंडाईच्याच्या पुढे

रस्त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, धुळ्यापर्यंत तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. मी माझी विजेवरची गाडी घेतली होती. दोंडाईच्याजवळ एका पंपावर चार्जर आहे असं मोबाईल सांगत होता. चार्जर होता. त्यावर स्वच्छ धुतलेलं गोणपाट घातलेलं होतं आणि वर दगड ठेवलेला होता.

"बंद आहे का?" मी विचारलं.

"नही, बंद नही," तिथला माणूस म्हणाला. "धूळ बसस म्हनीसन झाकेल शे."

"मग चालू करा."

"चालू नही व्हत."

उरलेल्या चार्जवर एसी बंद करून, काचा खाली करून निघाले आणि त्याचा फायदाच झाला. काचा बंद असत्या तर ती हवा मिळाली नसती. कापसाची वेचणी चालली होती. उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध डुलत चालले होते आणि त्यांना ओलांडून पुढे जाण्याइतकी वीज माझ्याजवळ नव्हती, म्हणून मीही डुलत गेले. केळीच्या बागा सुरू झाल्या की तापी जवळ आली असं समजावं. पुलावर थांबले. बंधाऱ्यामुळे नदी इथे रुंद आणि संथ आहे. नाशिकला आम्ही गोदावरीला नदी म्हणतो आणि पूर आला की खरोखर म्हणतो. इथे हिवाळ्याच्या तोंडालाही या काठाचा माणूस त्या काठाला ठिपक्याएवढा दिसत होता. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ.

गावात शिरले तेव्हा गाडीच्या पडद्यावर लाल अक्षरं आली होती.

पहिली संध्याकाळ

वैशालीचे सासरे, त्यांना सगळी गल्ली आबा म्हणते, ओट्यावरच बसले होते. पांढरी टोपी, मिशा तशाच पांढऱ्या, आवाज मात्र तरुण माणसाचा. वैशाली अजून फेरीवरून यायची होती.

"या वं माय, या. पहिले पानी प्या," आबा म्हणाले. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. "इतली लांबथीन वनी. गाडीनं पोट रिकामं व्हई ना?"

"हो, अगदी रिकामं. पण घाई नाही, उद्या बघू," मी म्हटलं आणि मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेले.

मी तोंडावर पाणी मारत होते, तेवढ्यात नळाला पाणी सुटलं. गावात नळाला पाणी सुटलं की कळतं, कारण घराघरातल्या छोट्या मोटारी एकदम घूं करायला लागतात. त्या आवाजात बाहेर काही रिक्षा थांबल्याचं कळलं नाही. मग एक बारीकसा फट्ट असा आवाज झाला आणि मी साबण लावलेल्या चेहऱ्याने अंधारात उभी राहिले.

"गयी रे गयी!" गल्लीतून कुणीतरी ओरडलं.

"कोनी लावी रिक्षा?"

"रिक्षा नही, आबानी नाशिकनी गाडी लावी!"

"आते पोया काय मोबाईलना उजेडमा लाटू का?" हा बाईचा आवाज होता आणि त्यात विनोद नव्हता.

बाहेर आले तर आबा माझ्या गाडीजवळ उभे. डिकीतली चार्जिंगची वायर त्यांनी शोधून काढली होती, खिडकीतून आत घेऊन पलंगामागच्या प्लगला लावली होती. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही.

"मी उद्या म्हटलं होतं, आबा."

"तुम्ही म्हनशात. पाव्हनं कधी भूक लागनी असं सांगस का? पाव्हना घर वना अन् त्याना बैल भुक्या ऱ्हायना, त घरनी अब्रू जास."

नाशिकला माझ्याकडे पाहुणा आला तर मी त्याला सोसायटीत गाडी कुठे लावायची नाही तेवढं सांगते.

वैशाली आली ती हे सगळं ऐकतच. "आबा, तुम्हले कितला डाव सांगं, सांजले लावू नका!"

"अन् तू काय करी ऱ्हायनी? दिनभर पयेल शे ती रिक्षा. तुले भूक लागस, तिले नही लागत का?"

तेवढ्यात टॉर्च घेऊन सरपंच आल्या. प्रमिलाताई. ठेंगण्या, ठसठशीत, चालताना समोरच्याने बाजूला व्हावं अशा. त्यांचं घर याच गल्लीत, चार दारं सोडून. टॉर्च त्यांनी माझ्या तोंडावर धरला. अजून कानाजवळ साबण होता.

"मॅडम, तुम्ही लाईट सुधारायला आल्या का घालवायला?"

मी म्हटलं, "सुधारायला. सुरुवात तुमच्यासमोर आहे."

त्या हसल्या नाहीत. "वैशाली, परवा सांजले मन्ही पोरले दखाले पाव्हना येतीन. धुळ्याचे आहेत, मॅडम, मोठे लोक. दिवेलागणीलाच येणार. त्या वेळी गल्लीत अंधार झाला तर मी यात्रेपर्यंतही थांबणार नाही. दुसऱ्या दिवशी सहाही रिक्षा शहाद्याला. मग माझ्यावर रागावू नको."

आत जाऊन वैशालीने मेणबत्ती लावली आणि तिच्या उजेडात आम्ही वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खाल्ली. भरीत म्हणजे आमच्याकडे दाण्याचं कूट, दही, साखर घातलेलं जे काही असतं, ते नव्हे. तुराट्यांवर भाजलेली मोठी हिरवी वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, सगळं लाकडी बडगीत ठेचलेलं. मी तीन वेळा वाढून घेतलं. काळजी असली तरी भूक असतेच.

जेवता जेवता वैशालीने मला सांगितलं तेव्हा प्रकार नीट कळला. बाई रिक्षा घेऊन घरी येते आणि सरळ चुलीकडे जाते. रिक्षा त्या क्षणापासून घरातल्या म्हाताऱ्याची. बैल शेतातून आले की आधी त्यांच्यापुढे वैरण पडणार, मग माणसं जेवणार, हा या घरांचा जन्माचा नेम. बैल आता फारसे उरलेले नाहीत, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला लाड नसतात. पण रिक्षा रोज संध्याकाळी दमून दारात येते. सहाही घरांतली म्हातारी माणसं ती आल्या आल्या, ती दाराशी थांबते न थांबते तोच, वायर घेऊन उभी. सुनांचं, लेकींचं कुणी ऐकत नाही. भुकेल्या मुक्या जिवाला ताटकळत ठेवणारी सून कशी असेल, असाच त्यांचा चेहरा होतो.

मी सहा चार्जर तपासायला आले होते. मला सहा आबा सापडले.

शहाद्याची फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा वायरमन भिकन याच्याबरोबर खांबाखाली उभी राहिले. पहिली गोष्ट पाच मिनिटांत दिसली. डीपीतून तीन वेगवेगळ्या तारांवर, म्हणजे तीन फेजवर, घरांना वीज जाते. सहापैकी पाच रिक्षा एकाच फेजवर लागत होत्या. तीन बैल असताना एकाच्याच मानेवर जू. भिकनने दुपारपर्यंत त्या दोन-दोन अशा वाटून दिल्या.

"आता राहील ना?" मी विचारलं.

"धकी जाई," तो पकड खिशात घालत म्हणाला. "पन सांजले नळले पानी वनं का सगळाच मोटारी लावतस. त्यामां सहा रिक्षा. त्यामां सरपंचना पाव्हना. मंग माले बलावू नका."

मोठ्या डीपीचा अर्ज गेलेला होता आणि ती यात्रेनंतर येणार होती. तोपर्यंत वेळच बदलायला हवी होती. वैशालीच्या छपरावर पॅनेल आहेत, शेजारच्या तीन घरांवरही. दुपारी बाराला मी त्या पॅनेलच्या यंत्रापुढे उभी होते. भिंतीवरचं ते यंत्र स्वतःच बंद पडलं होतं. ऊन भरपूर, वीज भरपूर आणि गल्लीत ती वापरायला कुणी नाही. व्होल्टेज वर चढलं की यंत्र जीव वाचवायला बंद होतं. थोडक्यात, दुपारी दूध उतू जात होतं आणि संध्याकाळी चहाला दूध नव्हतं.

मग मी वैशालीच्या रिक्षाने शहाद्याला जाऊन आले. कामाचा भाग म्हणून, आणि मला बसायचंच होतं म्हणूनही. शहाद्याचं एसटी स्टँड म्हणजे केळी, कापूस, ऊस यांचा पैसा कुठे खर्च होतो ते बघायची जागा. भांडी, साड्या, मोबाईल, शेवेच्या पराती. परतताना दोन बाया आणि एक कोंबडा बसला. एका काकूंनी बसल्या बसल्या विचारलं, "वैशाली, तुन्ही गाडीना आवाजच नही. माले वाटनं, बंद पडनी."

"बंद पडनी त तुम्ही उतरीसन धक्का देशात ना, काकू?"

"मन्हा गुडघाच मन्हं ऐकतस नही, गाडी कोठे धकलू?"

कोंबडा सोडून सगळे हसले.

दुपारी स्टँडवर शुकशुकाट असतो. सहाही जणी त्या वेळी जेवायला घरी येतात. वैशालीच्या ओट्यावर त्यांना बसवून मी म्हटलं, दुपारी जेवताना रिक्षा लावा, छपरावरची वीज त्या वेळी फुकट चाललीय. मग संध्याकाळी थोडंसंच लागेल आणि तेही मोटारी थांबल्यावर, जेवणं आटपल्यावर लावायचं.

"दुपारचं आम्ही करू," वैशाली म्हणाली. "संध्याकाळचं आमच्या हातात नाही, मॅडम. तुम्ही आबांना सांगून बघा."

मी आबांना सांगून पाहिलं. फेज, लोड, व्होल्टेज, सगळं सोप्या शब्दांत. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं. पन आल्यावर थोडंसं देवानंच ना?"

त्या संध्याकाळी फ्यूज राहिला. पण दिवे इतके पिवळे पडले की समोरच्या घरातला टीव्ही दोनदा बंद होऊन चालू झाला. भिकन खांबाखाली उभा राहून वर बघत होता. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बल्बकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. सरपंचांच्या घरी त्यांच्यासाठी जास्तीचे दिवे लागायचे होते, मिक्सर फिरायचा होता.

घोडी

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "चाला, तुम्हले घोडा दखाडतस. सारंगखेडाले वनात अन् घोडा नही दखात, त लोके काय म्हनतीन?"

आबांचे जुने मित्र हिरालालभाई. नदीकाठच्या गुजर कुटुंबातले, केळीची बाग, आणि केळीपेक्षा जास्त लक्ष दोन घोड्यांवर. पूर्वी आबांकडेही घोडी होती. गुडघे गेले तेव्हा विकली. तिचं नाव त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

हिरालालभाईंचा पुतण्या यात्रेसाठी एक घोडी तयार करत होता. रेवाल चाल शिकवत होता. त्या चालीत घोडी इतकी सपाट चालते की स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडू नये. केळीच्या कडेकडेने ती दूर गेली, लहान झाली आणि परत मोठी होत आली. मला घोड्यातलं काही कळत नाही, पण चांगलं यंत्र आवाजावरून ओळखता येतं. ती टापांची एकसारखी टकटक ऐकून मी मनातल्या मनात तिला पूर्ण गुण दिले.

घोडी घामाने काळी झाली होती. तोंडाला फेस. बाजूलाच पाण्याची भरलेली बादली होती. मी आपली बादली उचलून तिच्यापुढे सरकवायला गेले.

"ओ बाई! बादली हटावा!" हिरालालभाई ओरडले.

"अरे अरे अरे," आबाही धावले. गुडघे गेलेला माणूस इतका पटकन येईल असं वाटलं नव्हतं. "पयीसन येल घोडीले लगेच पानी? पोट धरी ली ती!"

"तिला तहान लागली असेल ना?"

"लागू द्या. पहिले फिरावानी. घाम सुकू देवाना. पाठवर हात ठेईसन दखानं. थंडी व्हयनी का मंग पानी, अन् त्याना बाद दाना." आबांनी मला खरोखर रागावून सांगितलं. "तापेल जनावरले जो लगेच दाना देस, त्याले जनावरनी कदर नही."

मी बादली खाली ठेवली. पुतण्या घोडीला लगाम धरून हळूहळू फिरवत होता. आबा तिच्याबरोबर चार पावलं चालून तिच्या मानेवर हात फिरवून आले.

आम्हाला घ्यायला वैशाली आली. शहाद्याची सकाळची फेरी करून ती थेट तिथेच आली होती. मी तिला रिक्षा बंद करायला सांगितली, मागची सीट वर उचलली आणि आबांना म्हटलं, "इथे हात ठेवा."

सीटखाली बॅटरीचा पत्र्याचा डबा असतो. आबांनी त्यावर तळवा ठेवला.

"तापेल शे," ते म्हणाले.

"मग हिला लगेच दाणा द्यायचा?"

आबांनी हात काढला नाही. "हाई बैल शे. घोडी नही."

"कोन्हा बैल शहादाथीन अर्धा घंटामां येस, आबा?" वैशाली म्हणाली.

हिरालालभाई इतके हसले की घोडीने कान टवकारले. "सुनबाई खरं बोलनी! अरे गड्या, तुन्हा घर घोडी शे, अन् तू तिले बैलनं खानं दी ऱ्हायना!"

यात मी आबांना फसवलं नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. तापलेली बॅटरी थोडी निवू देऊन मग चार्ज केली तर तिचं आयुष्य वाढतं, हे कोणीही सांगेल. फक्त हे मी त्यांना आदल्या दिवशी व्होल्टेजच्या भाषेत सांगत बसले होते.

आबा रिक्षात बसले. ओट्याशी उतरताना समोरच्या रिक्षावाल्या घराकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या भावडूना घर बी सांगनं पडी. तो त येल येल लावस."

दुपारी सहाही रिक्षा चार्जिंगला लागल्या. भिंतीवरचं यंत्र चालू राहिलं. वैशालीने मला वर बोलावून त्याचा हिरवा दिवा दाखवला, जणू मी तो कधी पाहिलाच नव्हता.

पाहुणे

त्या संध्याकाळी गल्लीत जे दिसलं ते मी नाशिकला जाऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही. सहा रिक्षा सहा दारांत उभ्या. सहा ओट्यांवर सहा म्हातारे. कुणाचीही वायर लागलेली नाही. मधूनच एखादा उठतो, सीट वर करतो, डब्यावर तळवा ठेवतो आणि परत येऊन बसतो.

"तुन्ही थंडी व्हयनी का, भावडू?"

"आजून कोमट शे."

"कोमट कसाले म्हनस? मन्ही बी तव्हढीच शे. मी बसेल शे ना?"

जो आधी उठून वायर लावील त्याला जनावराची कदर नाही, असं आबांनी दुपारीच जाहीर केलं होतं. त्यामुळे कुणी आधी उठायला तयार नव्हतं. ज्याने आयुष्यात शेळीशिवाय काही पाळलं नव्हतं, तो सगळ्यांत जास्त वेळ बसला. पुढे एकेकाने आपापल्या हाताच्या अंदाजाने वायर लावल्या आणि त्या आपोआपच पुढेमागे लागल्या. आमचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम यापेक्षा वेगळं काही करत नाही. तो फक्त मिशीवरून हात फिरवत नाही.

पण हे नंतर झालं. अजून दिवेलागणच होती, नळाला पाणी सुटलं होतं, मोटारी घूं करत होत्या, तेव्हा सरपंचांच्या दारात पाहुण्यांची गाडी येऊन थांबली. पांढरी, लांबलचक. आवाज न करता आली, तेव्हाच मी काय ते ओळखलं. विजेवरचीच होती.

मुलाचे वडील उतरले. नमस्कार-चमत्कार झाले. मग ते म्हणाले, "ताई, एक विचारू? गाडी जरा लावायला मिळेल का? परत जायला कमी पडेल असं वाटतंय."

प्रमिलाताईंनी एकदा डीपीच्या दिशेने पाहिलं. एकदा माझ्याकडे. पण दारात आलेल्या व्याह्याला, म्हणजे होऊ घातलेल्या व्याह्याला, नाही कोण म्हणेल? "मिळेल ना! त्यात काय विचारायचं!" म्हणत त्या आत गेल्या आणि वायरीचा बोर्ड घेऊन बाहेर आल्या. वैशालीने माझा दंड धरला. बोटं रुतली.

मी पुढे होणार होते. पण मी त्या घरची कुणी नव्हते, आणि मुलगी दाखवायच्या वेळी परक्या बाईने मधे बोललेलं कुणाला चालत नाही.

आबा उठले. सावकाश चालत गेले. पाहुण्यांना रामराम केला. मग गाडीच्या पुढच्या बाजूला गेले आणि तळवा बॉनेटवर ठेवला. बॉनेटखाली बॅटरी नसते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"गाडी तापेल शे," आबा म्हणाले. "आते नही."

"अहो, चार्जिंगच लावायचं आहे," मुलाचे वडील म्हणाले.

"व्हय ना, पाव्हना. तेच सांगी ऱ्हायनू. धुळाथीन पयीसन येल शे ती. तुम्ही पानी प्या, चहा प्या, पोर दखा. तवर थंडी व्हई जाई. मंग मी सोता लावस. आम्हना गावमां तापेल जनावरले कोनी दाना देत नही."

मुलाचे वडील आबांकडे पाहत राहिले आणि मग मोठ्याने हसले. "घोड्यांचं गाव आहे हे, ऐकून होतो. बरोबर आहे आजोबा, होऊ द्या थंड." त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. "शिक काहीतरी. तू येता येता एकशेवीसने आणलीस."

सगळे आत गेले. प्रमिलाताईंनी बोर्ड दारामागे ठेवला. आतून मिक्सरचा आवाज आला आणि गल्लीतले सगळे दिवे किंचित पिवळे झाले. वैशालीची बोटं अजून माझ्या दंडात होती. दिवे पुन्हा पांढरे झाले. थोड्या वेळाने एकेक मोटार बंद होत गेली आणि शेजारच्या टीव्हीवरची मालिका स्पष्ट ऐकू यायला लागली. तिच्यात कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढत होतं. कुणाला काही कळलं नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं. भिकन खांबाला टेकून शेंगा खात होता.

"काय रे, घरी नाही गेलास?"

"जास," तो म्हणाला. "आठे कामच नही, त माले चैन पडेना."

मोटारी थांबल्यावर आबांनी स्वतः जाऊन पाहुण्यांची गाडी लावली. त्याआधी पुन्हा बॉनेटवर हात ठेवून पाहिला, सगळ्यांना दिसेल असा.

निघताना

सकाळी प्रमिलाताई केळीचा घड घेऊन आल्या. अख्खा घड, पोराच्या खांद्यावर देऊन.

"काय म्हणाले पाहुणे?" वैशालीने विचारलं.

"पोरीचं कळवतील चार दिवसांनी," त्या म्हणाल्या. "रिक्षांचं मी आत्ताच कळवते. राहू दे आठेच. यात्रामां मन्हा पाव्हनासले पहिली फेरीमां तूच आनशी." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, मोठी डीपी आली तरी या म्हाताऱ्यांना काही सांगू नका बरं का. चालू द्या असंच."

मी म्हटलं, नाही सांगत.

वैशाली तोपर्यंत रिक्षा पुसून तयार होती. शेजारच्या दोघीजणीही. तिघी एकामागून एक गल्लीबाहेर पडल्या. पहिलीचा हॉर्न, त्यामागे दुसरीचा, त्यामागे तिसरीचा. आवाज नसलेल्या गाड्या असल्यामुळे या बायका हॉर्न फार वाजवतात.

मी सामान गाडीत टाकलं. धुळ्यापर्यंत पोहोचण्याइतका चार्ज नव्हता. तीन रात्री ती वायरविना उभी होती, कारण मला इथे पुन्हा अंधार करायचा नव्हता. सकाळ होती, तासभर लावून निघता येईल असा विचार करून मी डिकीतली वायर काढली आणि खिडकीकडे गेले.

"आते नही," ओट्यावरून आवाज आला.

"आबा, गाडी रात्रभर उभी आहे. बर्फासारखी थंड आहे."

"थंडी शे, माले ठाऊक शे. पन आते घरोघर गिझर चालू शेतस." त्यांनी हाताने वर, छपरावरच्या पॅनेलकडे दाखवलं. "ऊन माथावर येऊ द्या. तठलोंग बसा. सुनबाई दुपारले येई, भरीत करी, जेवाले बसूत. तुम्हनी गाडी बी जेवी."

हे सगळं आबांना परवा मीच सांगितलं होतं. मी वायर डिकीत परत ठेवली आणि ओट्यावर बसले.